तिरंगी भाटी

या मांजरीच्या नाकाकडे नीट बघा. अर्धं काळं, अर्धं गुलाबी. कपाळावर केशरी ठिगळ, एका कानावर काळं, पोट पांढरंशुभ्र. अशी तिरंगी मांजर दिसली, की शेपूट न उचलताच सांगता येतं: ही भाटी, म्हणजे मादी. तिरंगी बोका हजारोंत एखादाच. त्याच्याकडे बहुधा एक्स गुणसूत्र एक जादा असतं आणि सहसा त्याला पिल्लं होत नाहीत.

सगळी गोम त्या एक्समध्ये आहे. केशरी रंग ठरतो तो तिथेच. बोक्याला एक्स एकच, तोही आईकडून. म्हणून केशरी आईचे सगळे बोके केशरी; बाप कोणत्याही रंगाचा असो. भाटीला मात्र दोन एक्स, एक आईचा, एक बापाचा. एक केशरी, एक काळा, असं जमून येऊ शकतं. पांढऱ्याचं जनुक वेगळं, त्याचा एक्सशी संबंध नाही.

मग केशरी आणि काळा एकमेकांत मिसळत का नाहीत? भाटी आईच्या पोटात जेमतेम पेशींचा पुंजका असते, तेव्हाच प्रत्येक पेशी आपल्या दोनपैकी एक एक्स मिटून टाकते, म्हणजे बंद करते. कोणता, ते नशिबावर. पुढे त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी तोच एक्स मिटलेला ठेवतात. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी 1961 मध्ये उंदरांच्या रंगांवरून हे मांडलं. प्रत्येक बाईच्या शरीरातही हेच घडतं. आपल्याला ते दिसत नाही. या मांजरीच्या अंगावर ते उघड्यावर मांडलेलं आहे. मला ती सुंदर वाटते ती त्यामुळेच.

केशरी जनुक नेमकं कोणतं, हे कळायला 2025 उजाडलं. जपानचं क्युशू विद्यापीठ आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड, दोन्हीकडे एकच उत्तर आलं: डीएनएची सुमारे पाच हजार अक्षरं गळालेली. जपानी संशोधनाला तर लोकांनी वर्गणी दिली होती. ती अक्षरं गळाली, की एरवी रंगपेशीत गप्प असणारं शेजारचं जनुक जागं होतं आणि काळ्याऐवजी केशरी रंग तयार होतो.

आता ही सीसी. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात 22 डिसेंबर 2001 रोजी जन्मलेली, जगातली पहिली क्लोन केलेली मांजर. तिची मूळ भाटी रेनबो तिरंगी होती. 87 गर्भ रुजवले, जगलं हे एकच पिल्लू. जनुकं हुबेहूब रेनबोची, पण अंग बघा: पांढऱ्यावर करडे-काळे पट्टे. रेनबोची जी पेशी घेतली, तिच्यात केशरी एक्स मिटलेला होता आणि तो मिटलेलाच राहिला. सीसी 18 वर्षं जगली, तिला पिल्लंही झाली. केशरी जनुक तिच्या पेशीपेशीत होतं. अंगावर केशरी केस एकही नव्हता.