महागड्या इन-इअर मॉनिटरांचा स्वभाव आणि आपला कान

श्रोतेहो, आजचा विषय उच्च दर्जाच्या इन-इअर मॉनिटरांची, म्हणजे कानाच्या पोकळीत बसणाऱ्या आणि एका जोडीसाठी लाख-दीड लाख रुपये सहज मोजावे लागणाऱ्या श्रवणयंत्रणांची तुलना हा आहे. त्यांचे वर्णन करताना जाणकार मंडळी ‘वॉर्म’ (ऊबदार), ‘ब्राइट’ (वरचे स्वर उजळ असलेला), ‘ॲनालिटिकल’ (बारकावे सुटे करून दाखवणारा) असे शब्द वापरतात. हे शब्द पोकळ नसतात; पण ते ज्या गोष्टीचे वर्णन करतात ती गोष्ट पूर्णपणे मॉनिटरच्या त्या डबीत नसते, असे मला आज मांडायचे आहे. मॉनिटरची नळी आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये जी बंदिस्त पोकळी उरते तिथे ध्वनीचा स्वभाव ठरतो. त्यातला एक वाटा उत्पादकाचा आणि दुसरा ऐकणाऱ्याच्या कानाचा असतो. हा दुसरा वाटा विसरून केलेली तुलना फार तर परीक्षकाच्या कानाविषयी काही सांगते.

मोकळ्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, बाहेरच्या बाजूने उघडी आणि आत पडद्याने बंद. अशी नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपास अनुनाद देते, आणि बाहेरच्या कानाची मदत धरून त्या पट्ट्यातला ध्वनी पडद्यापाशी पोहोचेपर्यंत दहा-पंधरा डेसिबलने वाढलेला असतो. आपण जन्मापासून हेच ऐकत आल्यामुळे ही वाढ आपल्याला वाढ वाटत नाही. मॉनिटरची टिप, म्हणजे टोकाचा मऊ भाग, कानात शिरली की नळीचे उघडे तोंड बंद होते आणि हा नैसर्गिक उठाव नाहीसा होतो. तो उत्पादकाला ट्यूनिंगमधून, म्हणजे कोणते स्वर किती जोरात वाजावेत याच्या जुळणीतून, परत आणून द्यावा लागतो. किती आणायचा, नेमका कुठे आणायचा, याविषयी उत्पादकांचे मतभेद आहेत, आणि गायकाचा आवाज एका मॉनिटरमध्ये पुढे येऊन बसतो तर दुसऱ्यात दोन पावले मागे उभा राहतो त्याचे मुख्य कारण हेच आहे.

त्याच वेळी टिप आणि पडदा यांच्यामध्ये उरलेली छोटी पोकळी स्वतःचा नवा अनुनाद निर्माण करते. तो बहुधा सहा ते नऊ हजार हर्ट्झच्या दरम्यान पडतो, आणि टिप जितकी खोल जाईल तितका वर सरकतो. मराठीतल्या ‘स’, ‘श’, ‘च’ या वर्णांची धार याच परिसरात असते. त्यामुळे एकाच मॉनिटरबद्दल एक जण ‘सकार टोचतात’ म्हणतो आणि दुसऱ्याला ते रेशमी वाटतात, तेव्हा दोघेही खरे बोलत असू शकतात. कोणता स्वर किती जोरात वाजतो हे दाखवणाऱ्या आलेखांवर विसंबणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. बहुतेक आलेख ज्या कृत्रिम कानावर काढले जातात त्याचे प्रमाण आयईसी ६०३१८-४ या आंतरराष्ट्रीय मानकात दिले आहे. त्यात मॉनिटर अशा खोलीवर बसवण्याचा प्रघात आहे की हा अनुनाद आठ हजार हर्ट्झच्या जवळ यावा. म्हणजे आलेखावर तिथे दिसणारे शिखर पुष्कळदा मोजणीच्या रीतीतून आलेले असते. त्याच्या वरच्या भागात दोन मॉनिटरांची तुलना आलेखावरून करणे मला धाडसाचे वाटते.

आजच्या मॉनिटरांमागे दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिली प्रयोगशाळेतली. श्रवणशास्त्रात काम केलेले मीड किलियन यांच्या एटिमोटिक रिसर्च या कंपनीने १९९१ साली ईआर-४ आणला. त्यात श्रवणयंत्रांत वापरला जातो तसा एकच बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (चुंबकांमध्ये डोलणाऱ्या धातूच्या पट्टीने आवाज काढणारा इवला घटक) होता, आणि सर्व दिशांनी सारखा ध्वनी येत असताना कानाच्या पडद्यापाशी जे पोहोचते त्याच्याशी जुळणारा प्रतिसाद देणे हा त्याचा हेतू होता. दुसरी गरज रंगमंचावरची. जेरी हार्वी यांनी १९९५ मध्ये व्हॅन हेलन या रॉक बँडचे ढोलवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी मॉनिटर घडवला आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. प्रचंड आवाजात उभ्या असलेल्या वादकाला स्वतःचे वादन ऐकू यावे आणि अंगाला ठोका जाणवावा, हा तिथला हेतू. एकाला अचूकपणा हवा होता, दुसऱ्याला ताकद. आजचा कोणताही महाग मॉनिटर ऐकताना तो या दोन टोकांच्या मध्ये कुठे उभा आहे हे विचारले, तर त्याच्या स्वभावाचा निम्मा उलगडा होतो. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात श्रोत्यांच्या पसंतीवर संशोधन करून जी लक्ष्यरेषा, म्हणजे आदर्श प्रतिसादाचा आलेख, मांडली, तिच्यातही ईआर-४च्या मानाने बेस बराच जास्त आहे.

आता चार मॉनिटर घेऊ. वर सांगितलेला ईआर-४ हा आपला मापदंड, किमतीने आज फार महाग नसला तरी. दुसरा शुअरचा एसई८४६: चार बॅलन्स्ड आर्मेचर, आणि खालचे स्वर वेगळे काढण्यासाठी पोलादी पत्र्यांच्या चळतीत कोरलेला लांबच लांब मार्ग. तिसरा सेनहायझरचा २०२१ मधला आयई ९००: फक्त एक सात मिलिमीटरचा डायनॅमिक ड्रायव्हर (साध्या स्पीकरसारखा, पडदा हलवणारा), पण ॲल्युमिनियमच्या एकाच तुकड्यातून कोरलेल्या घरात तीन अनुनाद-कोठड्या, ज्या वरच्या स्वरांतली नको ती शिखरे शोषून घेतात. चौथा सिक्स्टीफोर ऑडिओचा यू१२टी: प्रत्येक कानात बारा बॅलन्स्ड आर्मेचर, आणि बंद कानात साठणारा हवेचा दाब सोडून देणारा बदलता येण्याजोगा एपेक्स मॉड्यूल.

एक ड्रायव्हर आणि बारा ड्रायव्हर यांतला फरक जाहिरातीत फार मोठा दिसतो. बारा ड्रायव्हरांची पट्ट्यापट्ट्यांत वाटणी करण्यामागे खरे अभियांत्रिकी आहे, ते मी नाकारत नाही. पण आकडा हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. मॉनिटरचा कालप्रतिसाद, म्हणजे आवाज किती चटकन उठतो आणि थांबतो, हा बहुतांशी त्याच्या वारंवारिता-प्रतिसादाशी, म्हणजे कोणता स्वर किती जोरात वाजतो याच्याशी, बांधलेला असतो. त्यामुळे ‘बॅलन्स्ड आर्मेचरचा बेस वेगवान असतो’ हे जे म्हटले जाते, ते पुष्कळदा खालच्या टोकाला स्वर किती लवकर ओसरतो आणि दीडशे-दोनशे हर्ट्झपाशी किती भर आहे एवढ्यावर येऊन थांबते. किमतीचेही तसेच. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये पावणेतीनशेहून अधिक हेडफोन मोजून पाहिले, तेव्हा किंमत आणि वारंवारिता-प्रतिसाद यांच्यात त्यांना संबंध आढळला नाही.

तुलनेत सर्वांत जास्त घोळ होतो तो मात्र मॉनिटरच्या बाहेर, उपकरणाच्या जोडणीत. अनेक ड्रायव्हर असलेल्या मॉनिटरचा विद्युत् अवरोध सर्व स्वरांवर सारखा नसतो. समजा एखाद्याचा अवरोध एका पट्ट्यात ८ ओहम आणि दुसऱ्यात ४० ओहम आहे, आणि तो १० ओहम निर्गम-अवरोध (ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अवरोध) असलेल्या ॲम्प्लिफायरला जोडला, तर पहिल्या पट्ट्यात सुमारे ७ डेसिबल घट होते आणि दुसऱ्यात जेमतेम २. म्हणजे त्या दोन पट्ट्यांमधला तोल ५ डेसिबलने बिघडला, आणि ऐकणारा समजतो की हा मॉनिटरचाच स्वभाव. आयई ९००सारख्या एकाच डायनॅमिक ड्रायव्हरच्या मॉनिटरवर याचा परिणाम फारच कमी होतो. यू१२टीच्या उत्पादकाने अवरोध मुद्दाम सपाट ठेवला आहे. एसई८४६चा नाममात्र अवरोध ९ ओहम असल्याने तो मात्र नाजूक. निर्गम-अवरोध एक ओहमच्या आत असलेला स्रोत वापरल्याशिवाय या चौघांना शेजारी बसवण्यात अर्थ नाही.

दुसरी अट आवाजाच्या पातळीची. एखादा डेसिबल जास्त असलेला मॉनिटर ‘जास्त मोठा’ न वाटता ‘जास्त चांगला’ वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. शिवाय पातळी वाढली की बेस तुलनेने भरदार भासतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलेली ही गोष्ट दुकानात पाच मिनिटे ऐकताना कोणाच्याच लक्षात राहत नाही.

मग ऐकायचे काय? बहुतेक परीक्षक पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणे वापरतात. माझा आग्रह तंबोऱ्याचा आहे. मिरजेतल्या कारागिरांनी लावलेली जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली सूत सरकवून साधलेला झणकार, हे एक विलक्षण कठोर परीक्षण आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचा पात, म्हणजे न हलणारा बिंदू, येतो, ते नेहमीच्या नियमाप्रमाणे गायब व्हायला हवेत. तंबोऱ्यात मात्र घोडीच्या रुंद, वक्र पृष्ठामुळे तेही जोरकस उमटतात. म्हणजे एकाच छेडण्यात खर्जापासून वरच्या टोकापर्यंत दाट, सतत सरकणारी उपस्वरांची मालिका मिळते. ट्यूनिंगमधला कोणताही खड्डा किंवा उंचवटा तिच्यात लगेच उघडा पडतो, कारण ती सरकती मालिका तिथे अडखळते.

ईआर-४वर जवारीचा प्रत्येक कण सुटा ऐकू येतो, पण खर्जाच्या तारेचे अंग बारीक होते; सूर कळतो, भोपळा कळत नाही. एसई८४६वर उलट: खर्ज गोल, भरलेला, आणि वरचा झणकार मिटलेला, जणू सूत जरा जास्त सरकले. आयई ९००वर दोन्ही टोके ठळक होतात आणि मधला भाग थोडा मागे जातो. डग्ग्याची घुमक अप्रतिम, पण स्त्रीस्वर तारसप्तकात गेला की त्याच्या गाभ्याऐवजी कडा आधी ऐकू येतात. यू१२टीवर मालिका सर्वांत अखंड वाटते, जरी दोन-तीन हजार हर्ट्झचा उठाव त्याने जरा संयमाने दिलेला असल्यामुळे हार्मोनियमचा तीव्रपणा थोडा मऊ होतो. हे अर्थात माझ्या कानांतले वर्णन आहे.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगतो. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६५ ते ७० हर्ट्झच्या आसपास असतो. त्याखाली, २० ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात, ख्यालाच्या मैफलीत संगीत जवळजवळ नसतेच. असते ती माइकच्या स्टँडमधून आलेली धडधड आणि सभागृहाची गुणगुण. सोनीच्या आयईआर-झेड१आरसारख्या मॉनिटरमध्ये १२ मिलिमीटरचा ड्रायव्हर ज्या खोल बेससाठी बसवला आहे, त्याचा मोठा भाग अशा श्रोत्यासाठी वाया जातो. चित्रपटसंगीत किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्यासाठी तोच पैसा सार्थकी लागेल. शिवाय झेड१आरची डबी मोठी आहे. लहान कानात ती नीट बसली नाही तर टिपची पकड सुटते आणि ज्यासाठी किंमत मोजली तो बेसच आधी निघून जातो. म्हणून कोणताही मॉनिटर तपासताना प्रथम ३० आणि ५० हर्ट्झचे शुद्ध स्वर वाजवावेत, आणि दोन्ही कानांत ते सारखे ऐकू येईपर्यंत टिपा बदलत राहाव्यात. दोन कानांना दोन मापांच्या टिपा लागल्या तर तसे खुशाल करावे.

ख्याल आणि नाट्यसंगीत हाच ज्याचा मुख्य आहार आहे त्याने या सगळ्यांतला एकच घ्यायचा झाला, तर मी यू१२टीकडे बोट दाखवेन. त्यातही बाहेरचा आवाज जास्त अडवणारा आणि बेस थोडा वाढवणारा एम२० मॉड्यूल प्रवासासाठी ठेवावा आणि घरी एम१५ लावावा; त्याने खर्जाचा फुगवटा किंचित उतरतो आणि जवारीला श्वास घ्यायला जागा मिळते.