मजकुराचा वेग कुणाच्या हातात?

आजचा विषय वरवर किरकोळ वाटेल. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे चित्रं, आवाज आणि मजकूर यांतून पडद्यावर वाचायची गेमसारखी कथा. तिच्या सेटिंग्जमध्ये मजकुराचा वेग, मजकुराच्या चौकटीची पारदर्शकता, ऑटो (मजकूर आपोआप पुढे सरकणं), स्किप (मजकूर भराभर पुढे पळवणं) असे चार-सहा पर्याय असतात. त्यावर एवढं काय बोलायचं? पण या प्रकारात वाचकाच्या हाती मुळात फार थोडं असतं. मधूनच एखादी निवड करायची, बाकी क्लिक करायचं आणि वाचायचं. मोठ्या कथेत हे कित्येक तास चालतं. त्यामुळे क्लिक केल्यापासून पुढचं वाक्य डोळ्यांसमोर येईपर्यंत काय होतं आणि ते कुणी ठरवायचं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: थांबे लेखकाचे, वेग वाचकाचा.

आधी मजकुराच्या जागेबद्दल बोलू. चुनसॉफ्ट या जपानी कंपनीने 1992 साली सुपर फॅमिकॉम या गेम कन्सोलवर ‘ओतोगिरिसो’ आणला. त्यात मागे चित्र आणि त्यावर अख्ख्या पडद्यावर मजकूर, अशी मांडणी होती. 1996 साली लीफ या कंपनीने ‘शिझुकु’पासून ज्या मालिकेला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ म्हटलं, तीही याच वळणाची. पुढे ‘त्सुकिहिमे’, ‘हिगुराशी’, ‘फेट/स्टे नाइट’ यांनीही पडदाभर मजकूर ठेवला. या मांडणीला एनव्हीएल म्हणतात. दुसरी एडीव्ही: खाली दोन-तीन ओळींची चौकट, वर बोलणाऱ्याचं नाव, चित्र मोकळं. ‘क्लॅनाड’ किंवा ‘स्टाइन्स;गेट’ पाहिलेल्यांना ही मांडणी ओळखीची असेल. आज बहुतेक ठिकाणी हीच दिसते.

यात सुंदर काय, यावर लोक भांडतात. मला जास्त रस आहे तो चौकट लेखनाला कसं वळण लावते यात. तीन ओळींत मावायचं म्हटलं की लांब वाक्य तुटतं आणि दर क्लिकला काहीतरी ‘घडलं’ पाहिजे असं दडपण येतं. संवादाला ते मानवतं. निवेदनाचं मात्र भुसकट होतं: वर्णनाचा एक सलग परिच्छेद सात क्लिकमध्ये चिरला जातो आणि सातव्या तुकड्याला पोचेस्तोवर पहिला नजरेआड गेलेला असतो. एनव्हीएलमध्ये तो वरच उभा असतो, डोळा सहज मागे जाऊन येतो. त्याची किंमत म्हणजे पात्रांचे चेहरे अक्षरांखाली गाडले जातात.

‘हिगुराशी’चं उदाहरण बोलकं आहे. मूळ मांडणी एनव्हीएल. चाहत्यांनी नंतर मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करणारी जोड, तयार केला, त्यात खालच्या चौकटीतही वाचता येतं आणि जुन्या पद्धतीनेही. एकच मजकूर दोन्हीकडे वाचून पाहा. एनव्हीएलमध्ये भीती पानभर साचत जाते. चौकटीत ती ओळीओळीने येते आणि तुमचं लक्ष चेहऱ्यांवर जातं. मी जुन्याच बाजूचा आहे, पण मॉडवाल्यांनी दोन्ही पर्याय ठेवले हे मला मनापासून पटतं.

आता मुख्य भांडणाकडे येऊ. टाइपरायटर इफेक्ट, म्हणजे अक्षरं एकेक करून उमटणं. त्याचा वेग सेकंदाला अमुक अक्षरं असा मोजतात. समजा तो 40 ठेवला आहे. 120 अक्षरांचं वाक्य तीन सेकंदांत पूर्ण उमटेल. प्रौढ माणूस इंग्रजी मजकूर मनातल्या मनात मिनिटाला साधारण 240 शब्द वाचतो. मोकळ्या जागा धरून ते सेकंदाला 24 अक्षरांच्या आसपास जातं. म्हणजे मजकूर वाचकाच्या पुढेच धावतोय. मग चिडचिड का होते?

कारण डोळा ओळीवरून घसरत जात नाही, उड्या मारतो. इंग्रजी वाचताना नजर जिथे टेकते, तिथून उजवीकडे साधारण 15 अक्षरांपर्यंतची माहिती मेंदू उचलत असतो आणि पुढची उडी त्यावरून ठरते. शिवाय काही उड्या उलट्या, मागच्या शब्दांकडे असतात. टाइपरायटर नेमकं हे पुढचं दिसणं काढून घेतो. वाक्य सुरू होताना तर पुढे काहीच नसतं, डोळा अक्षरांच्या टोकाला जाऊन उभा राहतो. त्यातून तिथे सतत काहीतरी हलतंय, आणि हलत्या गोष्टीकडे नजर ओढली जातेच. म्हणून सरासरीचा हिशोब इथे लागू पडत नाही. परिणाम सगळ्यांना माहीत आहे: एक क्लिक वाक्य पूर्ण करायला, दुसरं पुढे जायला. प्रत्येक वाक्यावर दोनदा बोट आपटणारा वाचक तुमचा इफेक्ट बघतच नाहीये, तो हाकलतोय.

यातलाच एक बारीक त्रास सांगतो. काही इंजिनं, म्हणजे गेम चालवणारी सॉफ्टवेअरं, ओळ कुठे मोडणार हे आधी काढून ठेवत नाहीत. शब्दाची पहिली चार अक्षरं वरच्या ओळीच्या शेवटी उमटतात, पाचव्याला जागा उरत नाही आणि अख्खा शब्द टुणकन खालच्या ओळीवर जातो. डोळा तिथेच असतो आणि शब्द पसार! एकदा हे लक्षात आलं की दर ओळीला तेच दिसत राहतं.

मग टाइपरायटर काढूनच टाकायचा का? तर नाही. ‘एस अटर्नी’ हा कोर्टातल्या खटल्यांचा गेम बघा, 2001 सालचा. तिथे अक्षरांबरोबर टिकटिक वाजते, वकील गांगरला की मजकूर अडखळतो, ओरडला की पडदा हादरतो. विनोदाचा अर्धा जीव त्या अडखळण्यात आहे. पण नीट पाहिलं तर तिथे काम करतात ते थांबे. दोन शब्दांमधली ती एका सेकंदाची शांतता. रेन’पाय या इंजिनात असा थांबा लेखकाला वाक्यातच एका टॅगने घालता येतो, आणि वाचकाने वेग ‘तत्काळ’वर ठेवला असला तरी तो थांबा पाळला जातो. माझ्या मते हीच योग्य वाटणी आहे. लेखकाने जिथे श्वास रोखायला लावायचा तिथे लावावा, एरवी वाचकाच्या डोळ्यांना मोकळं सोडावं. रेन’पायच्या नव्या प्रकल्पात मजकूर मुळात एकदमच दिसतो. हळू हवा असेल तर वाचकाने स्लायडर सरकवायचा.

आवाज असला की आणखी गुंता होतो. वाक्य एकदम दिसलं तर कलाकार शेवटच्या शब्दाला पोचायच्या आत तुम्ही तो वाचलेला असतो, म्हणजे रहस्य आधीच फुटलं. इथे हळू मजकूर आवडणाऱ्यांचं म्हणणं मला मान्य आहे. निदान क्लिक केल्यावर आवाज तोडायचा की चालू ठेवायचा, हा पर्याय तरी हवा.

बाकीचं भराभर सांगतो. चौकटीची पारदर्शकता वाचकाला बदलता आली पाहिजे. रात्रीच्या आकाशावर उठून दिसणारी पांढरी अक्षरं बर्फाच्या दृश्यात नाहीशी होतात. वेबसाठीचे सुलभतेचे नियम साध्या मजकुराला किमान 4.5:1 इतका कॉन्ट्रास्ट मागतात, तो इथेही पाळायला हरकत नाही. बॅकलॉग, म्हणजे मागे गेलेला मजकूर पुन्हा वाचायची सोय, हवाच. स्किप फक्त वाचून झालेल्या भागापुरताच चालला पाहिजे. आणि वेगाच्या स्लायडरखाली नमुन्याचं एक वाक्य चालू ठेवा हो, ‘मध्यम’ म्हणजे किती हे कुणाला कळणार?

एक चिठ्ठी आली आहे: देवनागरीत टाइपरायटर चालेल का? ‘क्षितिज’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या संकेतांत साठवतो त्यात, तो सात तुकड्यांचा आहे. इंजिन एकेक तुकडा दाखवत गेलं तर आधी ‘क’, मग पाय मोडका ‘क्’, मग अचानक ‘क्ष’. त्यानंतर ऱ्हस्व वेलांटी डावीकडे घुसते आणि आधी उमटलेलं ‘क्ष’ उजवीकडे ढकलते. ‘ति’ला पुन्हा तोच प्रकार. शब्द लिहिला जात नाही, लटपटत उभा राहतो. जोडाक्षरं नीट जुळवणारी हार्फबझसारखी लायब्ररी रेन’पायच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आली आहे, पण अंतिम अक्षर बरोबर दिसणं आणि मधल्या पायऱ्या बरोबर दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका टप्प्याला क्षि, ति, ज असं पूर्ण अक्षर दाखवता येत असेल तर टाइपरायटर खुशाल वापरा. तसं जमत नसेल तर मजकूर एकदम दाखवा, आणि ओळींमधलं अंतर जरा वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतील.