दोन काळ्या, एक तांबडी

(औसा इथं अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढं दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. सरांनी मला ‘इंजिनिअरिंगमधलं करिअर’ हा विषय दिला होता. मी त्यांना म्हणाले, सर, करिअरवर बोलायला मोठी माणसं आहेत. मला माझी चार वर्षं सांगू द्या, जशी गेली तशी.

मी इथून जवळच्याच गावची. दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावी-बारावी लातूरला. लातूर पॅटर्नला मी नावं ठेवणार नाही. सकाळी सहाचा क्लास, रोजची टेस्ट, चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवायचा. शेतकऱ्याच्या घरातली किती पोरं त्या शिस्तीवर उभी राहिली! पण सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, दीडशे प्रश्न असतात, तीन तास असतात, आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत. त्या तयारीत मला एक सवय लागली, प्रश्न दिसला की त्याचा साचा ओळखायचा आणि पुढं सरकायचं. कळलं का, हे स्वतःला विचारायला वेळच नसायचा. ती सवय घेऊन मी २०२१ मध्ये संभाजीनगरला इलेक्ट्रिकलला गेले.

पहिल्या वर्षी आमच्याकडं सगळ्या ब्रँचना इंजिनिअरिंग ड्रॉइंग होतं. आमच्या होस्टेलवर एक शब्द होता, जीटी. म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन बाजूंना पुस्तकांची थप्पी लावायची, वर फ्रेमवाल्याकडून आणलेली काच ठेवायची, खाली बल्ब लावायचा. काचेवर सीनिअरची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी, चारी कोपऱ्यांना टेप. खालच्या रेषा वर दिसतात, त्यांच्यावरून पेन्सिल फिरवायची. दिवसभराची शीट दीड तासात होते. काच इतकी तापायची की मनगट टेकवता यायचं नाही. मी अख्खं सेमिस्टर असं काढलं, आणि सबमिशनला चांगले मार्क मिळाले.

परीक्षेत ठोकळ्याचं चित्र देऊन व्ह्यू काढायला सांगितले. आपल्याकडं फर्स्ट अँगल पद्धत आहे. समोरून दिसणारं चित्र रेषेच्या वर येतं आणि वरून दिसणारं तिच्या खाली. मी वरून दिसणारं वर काढलं, कारण ते खाली का येतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. विषय राहिला. घरी सांगितलं नाही. अण्णांना फोनवर म्हणाले, “निकाल लागायचाय अजून.” ते खोटं बोललेलं मला आजही टोचतं. पुढं एका मैत्रिणीनं अंघोळीच्या साबणाच्या वडीला ब्लेडनं खाचा पाडून मला शिकवलं. वडी कागदाच्या घडीत ठेवायची, सावली कुठं पडते बघायचं, मग घडी उलगडायची. अर्ध्या तासात कळलं. तो अर्धा तास सेमिस्टरच्या सुरुवातीलाच का मागितला नाही मी?

कारण “नाही कळलं” म्हणायची लाज वाटायची. वर्गात शिकवणं इंग्रजीत, आणि मला वाटायचं की मी मराठीत हात वर केला तर सगळे वळून बघतील. एकदा धीर करून विचारलं, तर सर म्हणाले, “हे बारावीत झालंय.” त्यानंतर दोन वर्षं हात वर गेला नाही. सगळेच शिक्षक असे नव्हते. पण एवढं एक वाक्य सतरा-अठरा वर्षांच्या, गावाकडून आलेल्या मुलाला पुरेसं असतं, हे इथं बसलेल्या शिक्षकांना मी हात जोडून सांगते.

लॅबचंही खरं ते सांगते. एका टेबलाभोवती आम्ही आठजण. एकजण मशीनला हात लावणार, एकजण रीडिंग लिहिणार, बाकीचे सहाजण ते उतरवून घेणार. एक मशीन तर बंदच होतं, त्याचे आकडे गेल्या वर्षीच्या जर्नलमधून यायचे. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, इंडक्शन मोटारचा स्पीड? मी सूत्र म्हटलं: एकशेवीस गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल, चार पोलला पंधराशे, प्रत्यक्षात चौदाशे चाळीस, स्लिप, म्हणजे मागं राहण्याचं प्रमाण, चार टक्के. ते म्हणाले, “छान. पण ती मागं का राहते?” मी गप्प. तरी पास झाले.

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत गावाकडं होते. रात्रपाळीची लाइट होती. पहाटे अण्णा विहिरीवरून आले आणि म्हणाले, “मोटार जळली. बाई, बघ बरं काय झालंय.” विश्वासानं म्हणाले ते. मी बॅटरी घेऊन गेले. स्टार्टरचं झाकण उघडलं. जळलेल्या वार्निशचा वास येत होता. पुढं काय बघायचं असतं ते मला माहीत नव्हतं. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, आणि मी तिथं नुसती उभी.

मोटार भरायला, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायला, औशातल्या चाचांच्या दुकानात नेली. चाचा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी नट काढले, रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बाजूला केला, स्टेटर, म्हणजे बाहेरचा स्थिर भाग, माझ्याकडं फिरवला आणि म्हणाले, “गिन के बोल बेटा.” आत कॉइलचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांचं, कडं होतं. काळी, काळी, तांबडी. पुन्हा काळी, काळी, तांबडी. तीनातल्या दोन फेजच्या कॉइल कोळसा झालेल्या, तिसरीची तार नव्यासारखी चमकत होती. चाचा म्हणाले, “एक फेज गेला होता. मोटार तशीच चालत राहिली.”

त्यांच्या बिलाच्या मागं मी तिथंच बसून मांडलं. थ्री फेज पॉवरच्या सूत्रात रूट थ्री असतो, तीनाचं वर्गमूळ. शेकडो वेळा लिहिलेला. एक फेज गेला की तो सूत्रातून निघून जातो. पण पंपाला पाणी तेवढंच उचलायचंय, म्हणजे ती कमतरता करंटनं भरून काढायची: साधारण १.७३ पट. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे त्या दोन फेजमध्ये तिप्पट. तिसऱ्या कॉइलमधून करंटच नाही, म्हणून ती तांबडी. थांबलेली मोटार दोन फेजवर नुसती गुणगुणते, सुरूच होत नाही. चालू असलेली मात्र चालत राहते आणि आतून भाजते. आणि फ्यूज? फ्यूजमध्ये अण्णांनी जाड तार घातलेली होती. आपल्या बऱ्याच विहिरींवर तेच आहे.

मला रडू आलं. मोटार जळाली म्हणून नाही. एवढं सुंदर गणित दोन वर्षं माझ्या वहीत पडून होतं म्हणून.

सुट्टीनंतर मी लॅबमधल्या मामांकडं गेले. मामा म्हणजे आमचे लॅब असिस्टंट. त्यांना म्हटलं, मामा, मला काहीच येत नाही, बंद पडलेलं ते मशीन उघडून दाखवता का? ते म्हणाले, “इतक्या वर्षांत कुणी मागितलंच नाही गं.” दर शनिवारी दुपारी आम्ही बसायचो. पुढं चौघी-पाचजणी झालो. प्रश्न मराठीत, उत्तरं मराठीत, पेपर इंग्रजीत. स्लिप तिथं कळली. रोटर फिरणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या वेगालाच पोचला, तर त्याच्या पट्ट्यांना ते क्षेत्र कापत नाही, करंट उठत नाही, ढकलणारं काही उरत नाही. मागं राहतो म्हणूनच फिरतो. ही गोष्ट मला सेकंड इयरला कुणी अशी सांगितली असती तर!

पालकांसाठी थोडं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या प्रवेशाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे. होस्टेल आणि मेस त्यात येत नाही, तो खर्च धरून चला. नोकरीचं विचाराल, तर मी वाळूजला इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या लहान कारखान्यात टेस्टिंगला आहे. हातात अठरा हजार येतात, खोली आणि डबा जाऊन फार उरत नाही. पण काम माझ्या आवडीचं आहे. आमच्या विहिरीवर आता सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आहे. एक फेज गेला की तो मोटार बंद करतो. जाड तार काढून योग्य फ्यूज घातला, त्यासाठी अण्णांशी दोन दिवस भांडावं लागलं.

आता बोलणं पुरे. त्या पिशवीत चाचांकडून मागून आणलेला एक जळका स्टेटर आहे. जड आहे, दोघं मिळून टेबलावर ठेवा. आमच्या मोटारीचा नाही, दुसऱ्या कुणाचा आहे, आणि हा वेगळ्या तऱ्हेनं जळलाय: एकाच जागी. का, ते मी सांगणार नाही. पुढं या, मुलींना आधी येऊ द्या. बोट लावून कॉइल मोजा.