सलाईन सुरू होण्याआधी

(दृश्य: ऑपरेशन थिएटरचं, म्हणजे ओटीचं, दार. सिस्टर एक छोटी ट्रॉली आत ढकलतात.)

ही ट्रॉली शस्त्रक्रियेची नाही. वर थर्माकोलचा खोका, खोक्यात ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणि करंगळीच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या.

टेबलावर मावशी आहेत. जुना मधुमेह. डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, पापुद्रे धरलेत आणि ते पडदा ओढतायत. आज व्हिट्रेक्टमी आहे, म्हणजे डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा द्रव, व्हिट्रियस, काढून टाकायचा. तो निघणारच आहे. त्यातला थोडा अभ्यासाला ठेवू का, हे मावशींना काल वॉर्डातच विचारलं. मुलानं संमतीपत्र वाचून दाखवलं, मग त्यांनी सही केली. नको म्हणाल्या असत्या तरी ऑपरेशन आजच आणि असंच झालं असतं.

(दृश्य: मायक्रोस्कोपमधून डोळा)

बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागात तीन बारीक छिद्रं. एकातून सलाईन, दुसऱ्यातून दिवा, तिसऱ्यातून व्हिट्रियस कापून ओढणारा कटर. पण सलाईन अजून बंद आहे. हे नीट बघा, कारण सगळं यावर अवलंबून आहे. सलाईन आत शिरलं की व्हिट्रियस पातळ होतं आणि प्रथिनांचं मोजमाप बिघडतं.

म्हणून कटरची नळी मशीनपासून सोडवून साध्या सिरिंजला जोडली आहे. सर्जन म्हणतात, "ओढा." सहायक दट्ट्या मागे घेतो, अगदी सावकाश. अख्ख्या डोळ्यात व्हिट्रियस साधारण चार मिलिलिटर असतं, त्यातलं अर्धा ते एक मिलिलिटर घ्यायचं. डोळा मऊ पडायला लागला की, "बस." लगेच सलाईन सुरू.

(दृश्य: सिस्टरचे हात)

नळीवर मावशींचं नाव नाही. सांकेतिक क्रमांक आणि वेळ. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी खाली बसवल्या, वरचा द्रव चार नळ्यांत वाटला. एकाच नळीत ठेवला तर दर तपासणीला वितळवून पुन्हा गोठवावा लागेल, आणि त्यात प्रथिनं खराब होतात. नळ्या ड्राय आइसमध्ये, तिथून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. ही घाई, ही शिस्त सिस्टरांची. शोधनिबंधात त्यांचं नाव क्वचितच येतं, म्हणून कॅमेरा इथे जरा जास्त वेळ थांबलाय.

(दृश्य: स्क्रीनवर रेटिनाची प्रतिमा)

एवढा खटाटोप कशासाठी? यकृताचा तुकडा काढून तपासता येतो, रेटिनाचा तसा सहज काढता येत नाही. गेलेली रेटिना परत येत नाही. मृत्यूनंतर दान झालेल्या डोळ्यात प्रथिनं बदलू लागलेली असतात. जिवंत पडद्याच्या पेशी काय सोडतायत, हे त्याला टेकून असलेलं व्हिट्रियस सांगू शकतं.

१९९४ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी १६४ रुग्णांच्या डोळ्यांतले २१० नमुने तपासले आणि मधुमेहाच्या डोळ्यात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटत असताना व्हीईजीएफ हे प्रथिन वाढलेलं दिसलं. आज डोळ्यात देतात ती इंजेक्शनं याच प्रथिनाला अडवतात. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यासारख्या द्रवात, अॅक्वियसमध्ये, ५,९५३ प्रथिनं शोधली आणि कुठलं प्रथिन डोळ्यातल्या कुठल्या पेशीतून आलं असावं, याचा माग काढला. थेंब-दोन थेंबांच्या नमुन्यांतून.

(दृश्य: मशीनची कॅसेट भरत जाते)

मावशींचं उरलेलं व्हिट्रियस आता सलाईनमध्ये मिसळून या कॅसेटमध्ये जमतंय. ऑपरेशन संपलं की कॅसेट जैववैद्यकीय कचऱ्यात जाईल. बहुतेक ओटींमध्ये पहिला मिलिलिटरही तिथेच जातो. तो वाचवायचा तर रुग्णाला आदल्या दिवशी विचारायला हवं, आणि एक खोका तयार हवा.

(दृश्य: दुसरा दिवस, सकाळ. मावशींची पट्टी सुटते. इथे निवेदन नाही.)