आंबटानं सुटणारं तांबं

(दृश्य: गोव्यातली डिचोली. परसात पालथा घातलेला तांब्याचा हंडा.)

चतुर्थी जवळ आली की डिचोलीत माळ्यावरची भांडी खाली उतरतात. मावशी काळवंडलेल्या हंड्यावर चिंच-मीठ चोळतात आणि बोटांमागून तांबडा पट्टा उमटत जातो. खाली गळणाऱ्या ओघळात मळासोबत थोडं तांबंही असतं. कल्हई नसलेल्या भांड्यात आमटी कळकते, तीही अशीच.

खडकातलं तांबंही आंबटानं सुटतं. तिथे चिंचेचं काम जिवाणू करतात.

१९४७ साली कोल्मर आणि हिंकल या अमेरिकी संशोधकांनी कोळशाच्या खाणीतून झिरपणाऱ्या आम्लाच्या पाण्यात त्यांचा माग काढला. ॲसिडीथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स, लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. याला ना साखर लागते, ना सूर्यप्रकाश. पाण्यात उतरलेल्या लोहातून तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि त्यावरच जगतो. असं लोह मग तांब्याच्या गंधकयुक्त खनिजाला कुरतडतं, त्यात स्वतः थकतं आणि पुन्हा जिवाणूकडे येतं. गंधकाचं होतं गंधकाम्ल. किती काटकसरीचा संसार!

(दृश्य: खनिजाचा ढीग, वर ठिबकच्या नळ्या.)

टक्काभरही तांबं नसलेलं खनिज भट्टीत घालणं परवडत नाही. ते फोडून ढीग रचतात, वरून आम्लाचं पाणी ठिबकवतात आणि महिनोन्‌महिने वाट पाहतात. चिलीच्या लो अगिर्रे खाणीत १९८० पासून हे मोठ्या प्रमाणावर झालं. तळाशी जमतं निळं पाणी. पोफळीवर फवारायला मोरचूद भिजवणाऱ्या आपल्या बागायतदाराला हा रंग लगेच ओळखू येईल. त्यातलं तांबं वेगळं काढून विजेच्या साहाय्याने पत्र्यावर चढवतात.

गोव्याच्या खाणींत हे घडणार नाही. आपलं खनिज मुख्यतः लोहाचं ऑक्साइड. या जिवाणूंना हवं ते गंधकयुक्त खनिज त्यात फारसं नाही. पण डंपची, म्हणजे खाणीबाहेर टाकलेल्या ढिगाची, माती पावसात शेतात उतरते म्हणजे काय, हे डिचोली-सत्तरीत कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून चिलीतला ढीग पाहताना माझी नजर आधी त्याच्या तळाकडे जाते, तिथे प्लास्टिकचं अस्तर आहे ना? कारण खाण बंद झाली, माणसं घरी गेली, तरी हवा, पाणी आणि गंधकयुक्त खनिज आहे तोवर जिवाणू आम्ल करतच राहतात. स्पेनच्या खाणपट्ट्यातली रिओ टिंटो नदी विरघळलेल्या लोहानं आजही लालच वाहते.