पोट न फाडता

(रावेर तालुका. केळीची बाग, कापणी सुरू.)

ऊन चढायच्या आत माल ट्रकमध्ये गेला पाहिजे, म्हणून सगळ्यांची घाई आहे. आप्पा बांधावर उभे राहून घड मोजतायत. खांद्यावर घड घ्यायला सध्या मनाई आहे.

आप्पांची तक्रार साधीच होती. "पोटमा जळजळ व्हस." दोष अर्थातच ठेच्याला गेला. किराणा दुकानातून पुडी यायची, पाण्यात फेसाळायची, ढेकर यायचा आणि दिवस निघायचा. खान्देशात बहुतेक घरांत हाच दवाखाना. पुढे रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी निघालं आणि, आतून रक्त जातंय का बघायला, डॉक्टरांनी दुर्बीण (तोंडावाटे नळी घालून जठर बघायची तपासणी) सांगितली. ते कमी निघालं नसतं तर अजून पुड्याच चालल्या असत्या. जठराचा कर्करोग सुरुवातीला बहुधा काही बोलतच नाही. जपानमध्ये पन्नाशीनंतर दर २ वर्षांनी जठर दुर्बिणीतून तपासायची सोय सरकारी कार्यक्रमातच आहे. आपल्याकडे दुर्बीण म्हटलं की माणूस आधी घाबरतो.

(दुर्बीण कक्ष.)

"आप्पा, घशात फवारा मारतो. कडू लागेल, गिळा."

झालं, एवढंच.

(पडदा. जठराचं आतलं अस्तर.)

हा तो डाग. आजूबाजूच्या अस्तरापेक्षा किंचित लाल, किंचित खोलगट. नवख्या नजरेला दिसणारही नाही. आता निळा रंग फवारला जातोय. रंग खाचांत उतरतो आणि डागाची कड उठून दिसते. तुकडा तपासला, कर्करोग निघाला. पण तो सगळ्यात वरच्या थरातच होता, आणि तिथे असेपर्यंत लसिकागाठींत (लिम्फ नोड्समध्ये) पसरण्याची शक्यता फार कमी असते. म्हणूनच जठर कापायची गरज पडली नाही.

आप्पांना मुंबईला नेलं.

(शस्त्रक्रिया, पडद्यावरून. सलग दृश्य.)

आप्पा भुलीत आहेत. दुर्बीण तोंडावाटे आत गेली आहे, पोटावर एकही चीर नाही. आधी डागाभोवती, थोडी जागा सोडून, ठिपक्यांचं कुंपण घातलं जातं. मग बारीक सुईने अस्तराखाली निळसर द्रव सोडतात. बघा, भाकरीचा पापुद्रा फुगावा तसा डाग वर उचलला जातोय. हा फुगवटा नसेल तर सुरी खालच्या स्नायूच्या थरात जाईल, आणि स्नायूला भोक म्हणजे जठराला भोक.

सुरी दुर्बिणीच्या नळीतूनच येते. तिच्या टोकाला चिनी मातीचा मणी आहे, टोक भिंतीत घुसू नये म्हणून. ही युक्ती १९९० च्या दशकात जपानमध्ये निघाली. ठिपक्यांच्या बाहेरून गोल काप, मग खालचे निळे धागे एकेक करून तोडायचे. मध्येच रक्तवाहिनी लागते, पडदा लाल होतो. डॉक्टरांचा हात थांबतो, पाणी मारतात, चिमटा येतो, वाहिनी शेकली जाते. पुन्हा धागे. घाई केली तर तुकडा फाटतो आणि मग कड साफ निघाली की नाही हे सांगता येत नाही. अख्खा, एकसंध तुकडा हातात यावा यासाठीच ही सगळी कसरत.

(टेबल. तुकडा टाचण्यांनी ताणून लावलेला.)

सुमारे ३ सेंटिमीटर. हा फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, जाईल, मग २-२ मिलिमीटरच्या पट्ट्या करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील: खोली किती, कडा साफ आहेत का, रक्तवाहिनीत शिरला आहे का. यातलं काही बिघडलं तर पुढे मोठी शस्त्रक्रिया लागू शकते. आप्पांचा रिपोर्ट साफ आला.

जठरातली जखम भरायला साधारण २ महिने. तोवर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, मऊ जेवण. हेलिकोबॅक्टर नावाचा जीवाणूही सापडला, त्यासाठी २ आठवडे अँटिबायोटिक्स. दरवर्षी दुर्बीण. खर्च, मुंबईच्या खेपा, घरच्यांची धावपळ हे सगळं झालंच.

(बाग. ट्रकमध्ये माल चढतोय.)

आप्पांच्या धाकट्या भावालाही वर्षभर जळजळ आहे. पुडी त्याच्याही खिशात आहे. आप्पांनी दम दिलाय, सोमवारी त्याची दुर्बीण आहे, जळगावला.