पाठीमागचा कागद

(दृश्य : नाशिकचा सराफ बाजार, सकाळ. सरकारवाड्याचा कोरीव लाकडी खांब. हात खांबावरून सावकाश खाली येतो.)

हा खांब पेशवाईतला. तळवा फिरवला की लाकडाच्या रेषा हाताला लागतात. एक रेष दुसरीसारखी नाही.

(दृश्य : गंगापूर रोडवरचा नवा फ्लॅट. कपाटाचा पल्ला, त्यावर सागवानी रंग.)

हेही सागवानच दिसतंय. ही गाठ नीट बघा. आता थोडं उजवीकडं चला. तीच गाठ पुन्हा, तिच्या शेजारी तशीच वळलेली रेघ. झाडात असं कधी होत नाही. हे चित्र कागदावर छापलेलं आहे. छपाईचा रूळ एक फेरा पूर्ण करतो, तेव्हा गाठही परत येते.

दुकानाच्या पाटीवर याचं नाव लॅमिनेट असतं. कारागीर म्हणतो मायका आणि घरातली माणसं म्हणतात सनमायका. सनमायका हे खरं तर एका ब्रँडचं नाव, पण आता ते कुठल्याही कंपनीच्या शीटला चालतं. मायका म्हणजे अभ्रक, आणि या शीटमध्ये अभ्रकाचा कणही नसतो.

नावाचा धागा अमेरिकेत सापडतो. विजेच्या यंत्रांमध्ये वीज अडवायला तेव्हा अभ्रक वापरत. डॅनियल ओ'कॉनर आणि हर्बर्ट फेबर या दोघांनी त्याला पर्याय काढला : कृत्रिम राळेत भिजवलेले थर, दाबून कडक केलेले. १९१३ साली त्यांनी कंपनी काढली. वस्तू अभ्रकाच्या जागी वापरायची, म्हणून इंग्रजीत ‘फॉर मायका’, आणि त्यावरून नाव पडलं फॉर्मायका. यंत्राच्या पोटात दडलेली ही वस्तू माणसाच्या घरात, टेबलावर यायला पुढं बरीच वर्षं गेली. कारण होतं तिचा रंग.

(दृश्य : कापलेल्या शीटची कड, अगदी जवळून. वर रंगाचा पापुद्रा, खाली गडद तपकिरी पट्टा.)

तो रंग या कडेला आजही दिसतो. जाडी जेमतेम एक मिलिमीटर. खालचा तपकिरी भाग म्हणजे क्राफ्ट पेपर, खोक्याला आणि सिमेंटच्या गोणीला वापरतात त्या जातीचा. तो फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडच्या राळेत भिजवलेला असतो. ही राळ मजबूत, स्वस्त, पण काळपट. तिच्यावर पांढरा किंवा फिकट रंग उठून दिसणार कसा? १९३० च्या दशकाच्या अखेरीस मेलामाइनची राळ वापरात आली. ती कडक आणि पारदर्शक. मग छापलेला कागद तिच्यात भिजवून सगळ्यात वर ठेवता येऊ लागला. खाली काळी राळ, वर स्वच्छ राळ. कडेची ही दोन रंगांची रेघ म्हणजे या वस्तूचा सगळा इतिहास आहे.

हे सगळे थर एकावर एक रचून प्रेसमध्ये घालतात. उष्णता १२० अंश सेल्सिअसच्या वर, दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोहून जास्त. राळ वितळते, कागदात मुरते आणि घट्ट होते. एकदा घट्ट झाली की पुन्हा तापवून मऊ होत नाही, जशी भाजलेल्या पोळीची पुन्हा कणीक होत नाही. बोटाला जाणवणारे वरचे खरबरीत चरे म्हणजे प्रेसमधल्या पत्र्याचा ठसा.

(दृश्य : पंचवटीतली सुतारकामाची शेड. आठ बाय चारची शीट टेबलावर. मिस्त्री गुण्या लावतात, कटर ओढतात. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शीट उचलतात.)

(निवेदन थांबतं. शीट तुटल्याचा आवाज.)

मिस्त्रींच्या घरात सुतारकामाची ही तिसरी पिढी. आजोबा वाड्यांच्या तुळया दुरुस्त करायचे. नातवाच्या हातात मायका आला. लोक म्हणतात, यात सुतारकाम ते काय, चिकटवायचं तर आहे. आम्ही या शेडमध्ये चार दिवस कॅमेरा लावून बसलो, ते या वाक्यासाठी.

(दृश्य : प्लायचा एक तुकडा, सजावटीची शीट आणि दुसरी साधी, पांढरट शीट भिंतीला शेजारी-शेजारी टेकवलेल्या.)

ही दुसरी शीट ओळखा. हिच्यावर चित्र नाही, चमक नाही. दुकानाच्या कॅटलॉगमध्ये हिला पान मिळत नाही. हिला लायनर म्हणतात. ती पल्ल्याच्या आतल्या बाजूला लागते. अंदाजपत्रक कमी करायचं ठरलं की पहिली काट हिच्यावरच पडते.

(दृश्य : मिस्त्री आणि घरमालकीण, शेडच्या दारात.)

“आतून कशाला, दादा? आत तर डबेच ठेवायचे.”

“काकू, बाहेरून एकच बाजू बंद केली तर पल्ला वाकतो. मग बिजागरी कितीही पिळा, तो बसत नाही.”

(दृश्य : दुसऱ्या एका घरातला स्वयंपाकघराचा उंच पल्ला. मिस्त्री त्यावर लोखंडी पट्टी उभी धरतात. पट्टी आणि पल्ला यांच्यामधून उजेड येतो.)

मिस्त्री काय म्हणतात, ते या फटीतून दिसतं. गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागतं त्या दिवसांत नाशिकची हवा ओली असते, आणि डिसेंबरात निफाडकडून बोचरं वारं येतं तेव्हा कोरडी. लाकूड ओल घेतं आणि सोडतं. मायकातला कागदही घेतो आणि सोडतो, पण वेगळ्या मापानं. समोरून मायकानं बंद आणि मागून उघडा असा पल्ला असला की मागची बाजू पावसाळ्यात फुगते, पुढची तशीच राहते. कोरड्या दिवसांत पुढचा मायका आकसतो आणि फळीला आपल्याकडं ओढतो. दोन्ही वेळा पल्ला वाकतो. मागं लायनर असला की दोन्ही बाजूंना सारखी ओढ बसते आणि फळी सरळ राहते.

(दृश्य : मिस्त्री शीटच्या पाठीवर पेन्सिलीनं बाण काढतात. लायनरवरही तसाच बाण.)

हे बाण कशाचे, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. कागदाचे तंतू शीटच्या लांबीत धावतात. म्हणून शीट लांबीत हलते त्याच्या जवळजवळ दुप्पट रुंदीत हलते. लायनरचा तुकडा वाचवायला तो आडवा लावला, तर लायनर असूनही पल्ला पिळवटतो. दोन्ही बाण एका दिशेला हवेत. शीट, लायनर आणि प्लाय लावण्याआधी दोन-तीन दिवस एकाच खोलीत ठेवायचे, म्हणजे तिघांनाही तिथल्या हवेची सवय होते. घाईच्या साइटवर हे दोन दिवस कुणी देत नाही. मिस्त्री ते मागून घेतात.

(दृश्य : पांढरा फेविकॉल प्लायवर ओतला जातो. मायकाच्याच खाचा पाडलेल्या तुकड्यानं तो पसरतात. चिकटाच्या समांतर रेघा. शीट ठेवली जाते. फडक्यानं मधून कडेकडं दाबत नेतात.)

मधून कडेकडं, म्हणजे आत अडकलेली हवा बाहेर निघते. चिकट जास्त झाला तर ओल जास्त, कमी झाला तर वर बोटानं टकटक केल्यावर पोकळ आवाज. मग चारी कडांना चिकटपट्टी आणि रात्रभर वजन.

(दृश्य : रात्र. पल्ल्यांची थप्पी, तिच्यावर टाइल्सची खोकी, विटा, एक जुनं जातं. दिवा मालवतो.)

(दृश्य : सकाळ. ट्रिमरचा आवाज. तपकिरी भुकटी उडते. मग कानस, तिरकी धरलेली.)

वाढीव शीट ट्रिमरनं उडवायची आणि शेवटची धार कानशीनं मारायची. कानस नेहमी शीटकडून प्लायकडं. उलटी ओढली तर वरचा छापील थर टवका काढून निघतो. कड उघडी ठेवली तर पाणी तिथूनच शिरतं. वरच्या पृष्ठभागातून ते सहसा शिरत नाही. म्हणून सिंकखालच्या पल्ल्याची तळाची कड, जी कुणालाच दिसत नाही, तिलाही मिस्त्री पट्टी लावतात.

आणि प्लाय. मायका कितीही चांगला घ्या, खालची फळी साधी असेल तर पाण्याजवळ ती फुगणारच. प्लायवर भारतीय मानकाचा शिक्का बघावा : आय. एस. ३०३ किंवा पाण्याच्या जागी आय. एस. ७१०. मायकासाठी आय. एस. २०४६. त्यात शीट दोन तास उकळत्या पाण्यात बुडवून किती फुगते ते मोजण्याची चाचणी आहे.

(दृश्य : काकूंचं स्वयंपाकघर, काम पूर्ण. हळदीचा हात पांढऱ्या पल्ल्याला लागतो. ओल्या फडक्यानं पुसला जातो.)

हळद, तेल, चहा साबणाच्या पाण्यानं जातं. संडास साफ करायचं ॲसिड मात्र याला लावू नये. ओट्याच्या उभ्या पल्ल्यांना पातळ शीट चालते, पण टेबलाला, मुलांच्या अभ्यासाच्या फळीला एक मिलिमीटरची घ्यावी. चकचकीत शीटवर ओरखडे लवकर दिसतात, गडद मॅटवर तेलकट बोटं.

(दृश्य : देवघर. मायकाच्या फळीवर पितळी ताटली, तिच्यात निरांजन.)

ताटली काकूंनी नंतर ठेवली. जुन्या देवघराच्या फळीवर गोल काळा डाग होता, रोज एकाच जागी ठेवलेल्या निरांजनाचा. मायका चहाच्या कपाची ऊब सोसतो, थेट ज्योत किंवा तापलेला तवा नाही.

कापताना उडणारी भुकटी छातीला वाईट, स्वस्त फळीतून फॉर्मल्डिहाइडचा वास येतो, आणि उरलेले तुकडे वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत. मिस्त्री हल्ली मास्क लावतात.

(दृश्य : उंच पल्ला बसवताना. बिजागरीचे स्क्रू. मिस्त्री पल्ल्यावर लोखंडी पट्टी उभी धरतात. उजेड कुठूनही येत नाही. पल्ला उघडतात, आत पांढरा लायनर, त्यावर पुसट झालेला पेन्सिलीचा बाण. काकू आत डबे लावायला लागतात.)

(निवेदन नाही.)